उसना धूर, उसने पिंप

पेयांचा इतिहास लिहिणे हे आपल्याकडे अद्याप प्रतिष्ठेचे काम समजले जात नाही. राजे, लढाया, तहनामे आणि संतचरित्रे यांवर आपल्या भाषेत विपुल लिहिले गेले. परंतु माणसाने पानात काय वाढून घेतले आणि पेल्यात काय ओतून घेतले, या प्रश्नाकडे आमचे विद्वान सहसा वळत नाहीत. त्यातून पेला मद्याचा असला म्हणजे लेखकावर दुहेरी संशय येतो; एक विषयाच्या क्षुद्रतेचा आणि दुसरा लेखकाच्या सवयींचा. बीड जिल्ह्यातील माणसाने हा विषय घ्यावा, हे तर अधिकच विपरीत दिसेल. ज्या मुलखात नारायणगडास धाकटी पंढरी म्हणतात, आषाढीला पंढरपूर ज्यांस घडत नाही असे लोक जेथे नगद नारायणाच्या पायांवर डोके ठेवून समाधान मानतात, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेला मनुष्य जेथे गुत्त्यावरून जाताना रस्त्याची पलीकडची कड धरतो, तेथे व्हिस्कीच्या चवीची चिकित्सा कोणी मागितलेली नाही. तथापि व्हिस्की या शब्दाशी याच मुलखाचा एक निकटचा संबंध आहे. तो पुढे यथास्थळी येईल. तो ध्यानात आल्यापासून हा विषय आपल्या अंगणाबाहेरचा आहे, असे मला म्हणवत नाही.

विषय असा आहे. बंगळूर येथील अमृत डिस्टिलरीने गेल्या दीड दशकात एक विशेष प्रकारची व्हिस्की अधूनमधून, एकेका पिंपातून भरून, बाजारात आणिली. ती सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत, केवळ मोड आणलेल्या सातूपासून काढलेली. त्या सातूस पीट नावाच्या मातीचा धूर दिलेला. आणि तयार झालेला अर्क पोर्ट या पोर्तुगीज द्राक्षमद्याच्या रिकाम्या पिंपात मुरविलेला. म्हणजे पाहा: धूर स्कॉटलंडचा, तो अंगी मुरलेला सातूही तिकडचाच, पिंप पोर्तुगालचे, पिंपाच्या लाकडात जिरलेली वाईन डोरो नदीच्या खोऱ्यातली, कृती स्कॉटलंडच्या बेटांवरची, नाव संस्कृत, तेही समुद्रमंथनातून उचललेले, आणि कारखान्याचे मालक घराणे जगदाळे. या पेल्यातील नेमके काय आपले, हा प्रश्न कोणासही सुचण्यासारखा आहे. त्याचे उत्तर बाटलीवरील चिठ्ठीत मिळत नाही, इतिहासात मिळते.

प्रथम धुराविषयी. पीट या शब्दास मराठीत प्रतिशब्द नाही, कारण ती वस्तूच आपल्या अनुभवातली नाही. थंड आणि पाणथळ प्रदेशात शेवाळ, गवत, झुडपे मरतात. परंतु पाण्याखाली हवा नाही आणि वर ऊब नाही, म्हणून ती पुरती कुजत नाहीत. हजारो वर्षे असे थरावर थर साचून एक काळी, चिकट, अर्धवट मातीसारखी आणि अर्धवट कोळशासारखी वस्तू बनते. उन्हाळ्यात ती विटांसारखी कापून काढावयाची, वाळवावयाची आणि चुलीत घालावयाची. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावर झाडे विरळ आणि ही माती मुबलक. तेव्हा घर ऊबदार ठेवणे, भाकरी भाजणे आणि मोड आलेला सातू वाळविणे ही सर्व कामे तेथील लोक याच इंधनावर करीत. ओल्या सातूला धुराचा वास चिकटे. तो लागावा म्हणून कोणी खटपट करीत नव्हते. दुसरे इंधन नव्हते इतकेच. स्कॉटलंडच्या राजदरबारी हिशेबात जॉन कॉर नावाच्या एका मठवासी साधूला ‘जीवनजल’ करण्यासाठी मोड आणलेले धान्य दिल्याची नोंद १४९४ ची आहे. त्याच्या अर्कास धुराचा वास होता की नाही, हे त्या हिशेबनिसाने लिहिलेले नाही. त्याला त्यात सांगण्यासारखे काही वाटलेही नसावे. पुढे आगगाडी आली, दगडी कोळसा सर्वत्र पोहोचला, तेव्हा मुख्य भूमीवरील बहुतेक भट्ट्यांनी पीट सोडले. बेटांवरील भट्ट्यांनी ते सोडले नाही. दारिद्र्याची खूण होती ती अशा रीतीने कुळाची खूण झाली.

हा वास ज्याला समजून घ्यावयाचा आहे त्याने आयला बेटावर जाण्याचे कारण नाही. पौषमाघात मराठवाड्यात ज्वारी हुरड्यावर येते. शेताच्या बांधाशी लहानसा खड्डा करून आगटी पेटवितात, गोवऱ्यांचे निखारे झाले म्हणजे त्यांत कणसे खुपसतात, आणि भाजलेले कणीस तळहातावर चोळून हिरवे दाणे समोरच्याच्या हातावर ठेवतात. त्या दाण्यांत दुधाची गोडी असते, वर राखेची किंचित खारट पूड असते, आणि धूर असतो. धान्यावर धूर बसला म्हणजे त्याची रुची बिघडत नाही, चढते, ही गोष्ट आमच्या कुणब्याला शिकवावयास नको. पीटच्या धुरात मात्र आणखी एक अंग आहे. त्यातील फिनॉल वर्गाची द्रव्ये आपल्याला कार्बोलिक साबणातून आणि इस्पितळाच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून परिचित आहेत. म्हणून ही व्हिस्की प्रथमच हुंगणाऱ्यास भूक लागण्याऐवजी ड्रेसिंग करणाऱ्या कंपाउंडरची आठवण होते. तिचे भक्त ह्या वासावर लुब्ध असतात. माणसाच्या नाकाला काय पटविता येईल याला सीमा नाही.

आता पिंप. येथेही मूळ कारण काटकसर हेच. इंग्रजांना स्पेनची शेरी आणि पोर्तुगालची पोर्ट यांचे फार वेड. ही मद्ये ओकच्या लाकडाच्या पिंपांतून जहाजाने ब्रिटनला येत, तेथे ती बाटल्यांत भरली जात, आणि रिकामी पिंपे परत पाठविण्याचे भाडे पिंपांच्या किमतीहून जड होई. स्कॉटलंडच्या भट्टीवाल्यांनी ती स्वस्तात उचलली. हिंगाच्या रिकाम्या डब्यात काहीही ठेवले तरी त्याला हिंगाचा वास यावा, त्याप्रमाणे पिंपाच्या फळ्यांत जिरलेली वाईन हळूहळू आतल्या अर्कात उतरली. भट्टीतून पाण्यासारखा नितळ निघालेला अर्क काही वर्षांनी तांबूस आणि मऊ झालेला आढळला. लोणच्याची बरणी मुरलेली असली म्हणजे लोणचे चांगले लागते हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरात या रसायनाचे स्पष्टीकरण फार करावयास नको. पुढे अमेरिकेने १९३० नंतरच्या दशकात असा नियम केला की, बर्बन नावाची त्यांची व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओक-पिंपातच मुरवावयाची. त्यामुळे एकदा वापरलेल्या पिंपांचा तेथे ढीग पडू लागला आणि तो ढीग स्कॉटलंडने घेतला. पुढच्या काळात स्पेनने आपली शेरी देशातच बाटल्यांत भरण्याचा नियम केला, आणि वाहतुकीची जुनी पिंपे येईनाशी झाली. आज गंमत अशी आहे की, व्हिस्कीवाल्यांना हवी म्हणून काही पिंपे मुद्दाम शेरीने भरून ठेवतात, आणि पिंप पुरेसे मुरले म्हणजे ती शेरी ओतून घेऊन पिंप विकतात. फेकून देण्याची वस्तू होती ती मुख्य वस्तू झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तर पोर्ट, मदिरा, सोटर्न अशा निरनिराळ्या वाइनींच्या पिंपांत व्हिस्की काही काळ ठेवून तिला नवी नवी वळणे देण्याची जणू चढाओढच लागली आहे. पोर्टचे पिंप मोठे, सुमारे ५५० लिटरचे. अमेरिकेचे सुमारे २०० लिटरचे.

धूर उसना, पिंप उसने. मग हिंदुस्थानने यात काय घातले? ऊन.

हे उत्तर थट्टेचे वाटेल, म्हणून थोडा मागचा इतिहास सांगणे भाग आहे. आफ्रिकेच्या वायव्येस अटलांटिक महासागरात मदिरा नावाचे पोर्तुगीज बेट आहे. (संस्कृत ‘मदिरा’ शब्दाशी त्याचा संबंध नाही, पोर्तुगीजमध्ये त्या शब्दाचा अर्थ लाकूड. योगायोग असा की त्या बेटाची कीर्ती मद्यावरच आहे.) हिंदुस्थानाकडे येणारी जहाजे या बेटावर पाणी आणि वाईन भरून घेत. पिंपे जहाजाच्या तळाशी महिनोन् महिने उकडत, हलत, विषुववृत्त दोनदा ओलांडीत. इतर वाइनी अशा प्रवासात नासत. मदिराची वाईन सुधारली. ही गोष्ट ध्यानात आल्यावर व्यापारी केवळ उकडून काढण्यासाठी पिंपे हिंदुस्थानापर्यंत पाठवू आणि परत आणू लागले. अशा फेरी करून आलेल्या वाइनीला पोर्तुगीजांनी ‘फेरीची वाईन’ असेच नाव दिले होते आणि तिला किंमतही चढी मिळे. पुढे जहाजाचे भाडे वाचविण्यासाठी त्यांनी बेटावरच तापवलेल्या खोल्या बांधल्या. येणेप्रमाणे आपल्या समुद्राची आणि आकाशाची उष्णता ही युरोपच्या मद्यशास्त्रात एक उपकरण म्हणून अठराव्या शतकातच दाखल झाली होती. त्या पिंपांबरोबर आलेले साहेब मात्र त्याच उष्णतेला शिव्या देत वारले.

जगदाळे घराण्याची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली बंगळुरात अमृत डिस्टिलरीची स्थापना केली. मराठी अमलाबरोबर कर्नाटकात गेलेली आणि तेथेच स्थायिक झालेली अनेक घराणी आहेत. हे आडनाव आपल्या कानास परके नाही. आरंभी कारखाना साधी, लष्करी आणि सरकारी गिऱ्हाइकांना पुरेल अशी रम, ब्रँडी व व्हिस्की करी. १९८० नंतरच्या दशकात तेथे सातूपासून अर्क काढून पिंपांत मुरवू लागले, पण तो इतर मद्यांत मिसळण्यासाठी. हा अर्क निर्भेळ विकावा आणि तोही थेट स्कॉटलंडात विकावा, ही कल्पना नीलकंठराव जगदाळे यांची. त्यांचे चिरंजीव रक्षित तेव्हा इंग्लंडात न्यूकॅसल येथे शिकत होते. अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी हीच पाहणी केली. ग्लासगोच्या एका मद्यगृहात नाव न सांगता ही व्हिस्की काही जाणकारांना दिली, तेव्हा त्यांनी ती स्कॉटलंडमधलीच आणि चांगली वयस्क मानली, अशी हकीकत सांगितली जाते. २००४ च्या ऑगस्टमध्ये अमृत सिंगल माल्ट ग्लासगो येथेच प्रथम विक्रीस आली. वारकऱ्यांच्या दिंडीत जाऊन कीर्तन करून दाखवावे असलेच हे धाडस.

जाणकारांना ती वयस्क का वाटली, याचे कारण ऊन. पिंप म्हणजे सच्छिद्र भांडे. दिवसा तापले की अर्क फुगून लाकडात शिरतो, रात्री निवला की लाकडाचा रंग आणि चव घेऊन परततो. स्कॉटलंडात हा श्वासोच्छ्वास मंद. तेथे पिंपातून वर्षाला शेकडा सुमारे दोन भाग हवेत उडून जातात. या तुटीला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच आणि आपल्या मानाने थंड शहर. तरीदेखील तेथे ही तूट शेकडा दहाच्या घरात किंवा त्याहूनही वर जाते. वाचकांनी स्वतः हिशेब करून पाहावा. दोनशे लिटरचे पिंप स्कॉटलंडात बारा वर्षे ठेवले तर सुमारे १५७ लिटर उरेल. शेकडा दहाच्या तुटीने बंगळुरात पाचच वर्षे ठेवले तर ११८. अमृतने आपल्या एका दीर्घकाळ मुरविलेल्या व्हिस्कीस ‘हावरे देवदूत’ या अर्थाचे इंग्रजी नाव दिले, त्यात विनोद आहे आणि हिशेबही आहे. म्हणून इकडील व्हिस्की चारपाच वर्षांतच प्रौढ होते आणि वेळेवर काढली नाही तर लाकडाच्या कडवटपणाने बिघडते. आमच्याकडे माणसे लवकर पोक्त होतात असे साहेब लिहीत, ते माणसांविषयी कितपत खरे कोण जाणे; पिंपांविषयी खरे आहे.

गोव्यातही हेच घडले. दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथील जॉन डिस्टिलरीने आपली पॉल जॉन ही सिंगल माल्ट २०१२ साली प्रथम लंडनमध्ये विक्रीस काढली. तिच्या काही प्रकारांना स्कॉटलंडहून आणलेल्या पीटचा धूर असतो. कुंकळ्ळी हे नाव गोव्याच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने कोरलेले आहे. देवळे पाडणाऱ्या सत्तेविरुद्ध तेथील गावकरी १५८३ साली उठले, पाच जेझुइट मारले गेले, आणि नंतर बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावच्या प्रमुखांची कत्तल झाली. त्या गावी आज विलायती मातीचा धूर घेतलेला सातू पिंपांत निजतो आहे. इतिहासाला औचित्याची पर्वा नसते.

धुरकट सातू आणि पोर्टचे पिंप यांचा संगम झालेली ती व्हिस्की बंगळुरात एका स्नेह्यांच्या घरी मी चाखली. चाखली असाच शब्द वापरतो. दोन चमचे ऐवज होता. रंग कोकमाच्या सरबताला पाणी जास्त झाले म्हणजे दिसतो तसा, तांबडा आणि थोडा मातकट. पेला नाकाजवळ नेताच प्रथम धूर आला, पण एकटा आला नाही. त्याच्यामागे काळ्या मनुकांचा, जुन्या काळ्या गुळाच्या ढेपेचा वास होता. जिभेवर ती प्रथम जाळते. तिची तीव्रता बाजारातील नेहमीच्या मद्याच्या दीडपटीच्या आसपास असते, म्हणून जाणकार तीत थोडे पाणी घालतात. त्यास ते कमीपणा मानीत नाहीत. पाणी पडताच आंबटगोड अंग वर आले, आमसुलासारखे, आणि त्याच्या पाठोपाठ मिऱ्याचा चटका. घोट गेल्यावर तोंडात जे राहिले ते मात्र आगटीजवळचे होते: विझत्या गोवरीची राख, भाजलेले धान्य. हे दोन्ही पदार्थ एकमेकांत विरघळले होते असे मी म्हणणार नाही. धूर आणि द्राक्ष यांची त्या पेल्यात तडजोड झाली होती, एकजीव झाला नव्हता. दोघांमध्ये लाकडाचा तुरटपणा मध्यस्थासारखा उभा होता. साध्या बर्बन-पिंपात मुरलेली धुरकट व्हिस्की मला अधिक सरळ वाटते. पोर्टचे पिंप तिला नटविते, आणि नटविलेल्या वस्तूकडे आपण दुसऱ्यांदा पाहतो ते बहुधा तपासण्यासाठी. पण ही एका अनभ्यस्त जिभेची साक्ष आहे. वाचकांनी ती तेवढ्याच किमतीला घ्यावी.

किंमत म्हटली म्हणजे पुढचा प्रश्न येतो: ती ठरवितो कोण? अमृतच्या एका मिश्र-सातूच्या व्हिस्कीला २०१० च्या आपल्या वार्षिक ग्रंथात जिम मरे या इंग्रज समीक्षकाने जगातील तिसऱ्या क्रमांकाचे स्थान दिले, आणि त्यानंतर आपल्या देशातील लोकांना ती आवडू लागली. याबद्दल कोणाला हसण्याचे कारण नाही. ही चाल फार जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्यांचे प्रकार सांगितले. त्यांपैकी मधु म्हणजे द्राक्षरसाचे मद्य. त्याच्या जातींना ‘कापिशायन’ आणि ‘हारहूरक’ अशी दूर वायव्येकडील प्रदेशांची नावे आहेत. म्हणजे मौर्यांच्या परंपरेतील रसिकालाही पेला परदेशचा आहे हे कळल्यावर त्याची लज्जत वाढत असली पाहिजे. पहिल्या शतकातील एका ग्रीक नावाड्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथात भडोचच्या बंदरी येणाऱ्या मालात वाईन पहिल्या मानाची आहे, आणि तीत इटलीची विशेष पसंत, असे तो नमूद करतो. त्याच ग्रंथात भडोचहून आत गेल्यावर लागणाऱ्या पैठण आणि तगर या पेठांची नावे आहेत. तगर म्हणजे आजचे तेर. पैठण तर बीड जिल्ह्याच्या उत्तरेस गोदावरीच्या काठीच आहे. १९५४ ते १९५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी नेवासे येथे उत्खनन केले, तेव्हा रोमन वाईन ज्या उंच दुहाती कुंभांतून येई त्यांचे तुकडे हाती आले. सातवाहनांच्या काळी गोदेच्या खोऱ्यातील कोणी धनिक इटलीची द्राक्षे पीत होता आणि शेजारच्या घरी मोहाची धार निघत होती, असे चित्र डोळ्यांपुढे आणावयास हरकत नाही.

त्या मोहाचे पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे या विषयातील खरी व्यथा कळते. मोहाच्या मद्यात काहीही उसने नाही. झाड आपले, फूल आपले, फाल्गुनचैत्रात पहाटे गळालेली फुले वेचणारे हात आपले. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वारली, कोळी, कातकरी लोकांत जन्मापासून मरणापर्यंत कोणताही विधी त्यावाचून होत नसे. मुंबई सरकारने १८७८ साली अबकारीचा कायदा केला. मद्याची भट्टी ही करवसुलीची जागा ठरली. मक्ता ज्याचा त्याची दारू कायदेशीर, बाकीच्यांची चोरटी. तरीही लोक घरी दारू गाळीत, कारण फूल झाडाखाली पडलेले होते. तेव्हा १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांपुरता मोहाचा स्वतंत्र कायदा झाला आणि फुलांच्या साठवणीवर व विक्रीवरच निर्बंध आले. दारूवर कर बसविणारी सरकारे जगात पुष्कळ झाली. फुलालाच संशयित ठरविणारे विरळा. त्याच सुमारास स्कॉटलंडात धुराच्या भट्ट्यांना परवाने मिळून त्यांचे व्यापारी लक्षाधीश होत होते. साम्राज्य एकच, काळ एकच. बेटावरील गरिबाच्या चुलीचा वास सरदारांच्या दिवाणखान्यात गेला, आणि आमच्या डोंगरातील गरिबाच्या भट्टीचा वास शिपायाच्या नाकात गेला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने स्वराज्यातही मोहाची ही दशा पालटली नाही. फुलांच्या संग्रहावरील व वाहतुकीवरील निर्बंध महाराष्ट्र सरकारने सैल केले ते २०२१ मध्ये.

आमचा सुशिक्षित वर्ग या काळात कुठे होता? तो गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातला सुधाकर वकील आहे. आणि तळीरामाचे ‘आर्यमदिरामंडळ’ ही गडकऱ्यांनी केलेली थट्टा जितकी दारूची, तितकीच सभा-अध्यक्ष-ठराव यांच्या विलायती थाटाची आहे. आपल्या मध्यम वर्गाने दारूकडे दोनच दृष्टींनी पाहिले: सिंधूच्या अश्रूंतून किंवा साहेबाच्या टेबलावरून. पहिली दृष्टी खोटी होती असे कोण म्हणेल? घरोघरी तिचे दाखले होते आणि आहेत. परंतु या दोन दृष्टींच्या मध्ये मोहाच्या झाडाखालची बाई कोणालाच दिसली नाही.

गोव्याची फेणी अधिक भाग्यवान ठरली. काजू-फेणीला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले. अर्थात काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले. तेव्हा फेणीतही उसनवारी आहेच, फक्त ती चारशे वर्षांची जुनी असल्यामुळे कोणी तगादा लावीत नाही. डहाणूच्या एका भट्टीत मात्र आज सातूची धुरकट माल्ट आणि मोहाचा अर्क अशी दोन्ही मद्ये होतात, ही गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. ठाणे जिल्ह्याचाच तो जुना भाग. १८९२ च्या कायद्याची सत्ता चालली ती याच झाडांवर.

राहिला तो बीडकडचा संबंध. सिंगल माल्टच्या बाटल्या आपल्या देशात मूठभर. ‘व्हिस्की’ या नावाने जे मद्य येथे लक्षावधी लोक पितात त्याचा मोठा भाग सातूचा नसतोच. कारखान्यात काढलेल्या स्वादहीन मद्यार्कात थोडा माल्टचा अर्क आणि रंग मिसळून ते होते. तो मद्यार्क अलीकडे धान्यापासूनही काढतात. परंतु पूर्वापार तो उसाच्या मळीपासून निघत आला आहे. युरोपच्या कायद्यात धान्याचीच व्हिस्की ती व्हिस्की, म्हणून मळीच्या या मद्याला तेथे ते नाव लावता येत नाही.

आणि ऊस तोडतो कोण? दसरादिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी मुलाबाळांसह ट्रॅक्टरांत बसून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यांच्या व्यवहारात नवराबायको मिळून एक ‘कोयता’. एक कोयता दिवसाकाठी दीडदोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरतो. एका टन उसातून साखर काढल्यावर चाळीसपंचेचाळीस किलो मळी उरते, आणि तेवढ्या मळीतून सुमारे दहा लिटर मद्यार्क निघतो. म्हणजे एका जोडप्याच्या एका दिवसाच्या तोडीत चाळीसपन्नास बाटल्या व्हिस्की दडलेली असते. आता बरीचशी मळी आणि उसाचा रसही मोटारींच्या इंधनाकडे वळू लागला आहे, हे खरे. जुना हिशेब मात्र अनेक वर्षे असाच चालला. नारायणगडाच्या परिसरातील कितीतरी कोयते माळकरी आहेत. फडात पाचटाच्या खोपीत ते हरिपाठ म्हणतात आणि एकादशी धरतात. त्यांनी तोडलेल्या उसाचा शेवटचा अंश ज्या बाटल्यांत जाऊन बसतो, त्यांपैकी पुष्कळांवर मॅकडॉवेल, बॅगपायपर अशी स्कॉटलंडची नावे असतात.